बाबांना आणायचं, पण दिवा विझेना

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच घातला असं समज. गाडीखाली शिरून शिरून मी हल्ली बराच वेळ त्याच अवस्थेत असतो.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला कमी झाला का? बाबांचं खुब्याचं हाड जुळलं, ते काठी टेकत गॅलरीच्या टोकापर्यंत जातात आणि तुझ्या आमटीत मीठ कमी असल्याचं ठणकावून सांगतात, हे कळलं. म्हणजे तब्येत नक्की सुधारली. "आता मला घरी न्या," असं ते उठता-बसता म्हणतात, हेही कळलं. तरी मी अजून का आलो नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर तू मध्येच हसतेस. म्हणून पत्र.

कारण आपली पिकअप. झालं असं की एका सलूनचा भिंतभर आरसा पोचवायला मी दुकानातून निघालो होतो. (काचेच्या धंद्यातला माणूस गाडी चालवत नाही, तो गाडीची समजूत घालत नेतो. माझ्यामागे सायकलवालेसुद्धा घंटी वाजवायला लागले आहेत.) आरसा गोणपाटात गुंडाळून लाकडी चौकटीला आवळून बांधलेला, मी श्वास रोखून बसलेला आणि अचानक समोर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही. गाडी गुमान चाललेली. हेच तर वाईट, ताई. दुखणारं दुखणं परवडलं. न दुखणाऱ्या दुखण्याचं नाव डॉक्टर हळू आवाजात सांगतात. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं. मी इंजिनाकडे पाहिलं, इंजिनाने माझ्याकडे पाहिलं, आणि ओळख न पटल्याने मी बॉनेट लावून टाकलं.

आरसा धड पोचवला आणि तसाच कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, हातातल्या यंत्रावर कोड आला: पी शून्य एकशे एकाहत्तर. म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, "इंजिनाला हवा जास्त मिळतेय, पेट्रोल कमी." एवढंच ना, मला हायसं वाटलं. त्याने हवा मोजणारा सेन्सर साफ केला, कोड पुसला, दिवा गेला. मी घरी येऊन पोटभर जेवलो. सकाळी दूध आणायला निघालो तर दिवा हजर! पुन्हा मिस्त्री. आता त्याने सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर बदलला. दिवा गेला, आणि भाजी बाजाराच्या चढावर परत आला. एखादा पाहुणा निरोप घेऊन फाटकापर्यंत जातो आणि "बरं का, सांगायचंच राहिलं" म्हणत पुन्हा बसायला येतो ना, अगदी तसा.

मग सल्ले सुरू झाले. शेजारचे निवृत्त भूगोल मास्तर म्हणाले, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल असणार. ते मी इतकं घट्ट केलं, की पंपावरच्या दोघांना मिळून उघडावं लागलं. मी स्वतः मोबाइलवर त्या कोडची माहिती वाचायला घेतली आणि तिथेच चुकलो. वाचता वाचता गाडीची सगळी लक्षणं मलाच होऊ लागली. (हवा जास्त, इंधन कमी, चढावर दम लागणे. तूच सांग.) लेकीने माझी दशा पाहून त्या दिव्यावर हसऱ्या सूर्याचा स्टिकर चिकटवला. त्याने काय झालं, तर सूर्य आतून उजळू लागला. तुझी भावजय मात्र ढिम्म. ती त्याच गाडीतून माल पोचवून यायची आणि म्हणायची, "चालतेय की!" चालतेय हे मलाही दिसत होतं गं. कुठपर्यंत चालेल, हा प्रश्न होता.

शेवटी हायवेजवळच्या मोठ्या गॅरेजात गेलो. तिथल्या फोरमन बाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी इंजिनात हवा शिरायचा रस्ता बंद केला आणि नळीने आत पांढरा धूर सोडला. जिथे फट असेल तिथून धूर बाहेर पडणार, अशी ही तपासणी. मी बॉनेटमध्ये अर्धा वाकून धुराची वाट पाहत होतो. तो इंजिनाच्या मागच्या अंगाने भसकन वर आला. नेमकी त्याच वेळी तुझी भावजय फाटकातून आत आली. तिला काय दिसलं? धूर, आणि धुरात नवऱ्याचे फक्त पाय. एरवीची ढिम्म बाई, पण गाड्या धुवायची भरलेली बादली तिने उचलली आणि माझ्यावर उपडी केली. वर म्हणाली, "बाहेर या आधी! गाडी गेली खड्ड्यात!" ताई, संसारात इतकं गोड वाक्य मी ऐकलं नव्हतं. (शिंका अजून चालू आहेत.)

फट सापडली. इंजिनामागच्या एका बारीक रबरी नळीला उंदराने खालच्या बाजूने कुरतडलं होतं. हातभर नळी बदलली, संपलं. दिवा गेला तो गेलाच. आठवडा झाला. आता मला भीती, की दोष गेलाय की बल्ब गेलाय? मी फोरमन बाईंना विचारायला गेलो. त्यांनी किल्ली अर्धी फिरवून दाखवली: दिवा लागतो, गाडी सुरू झाली की विझतो. म्हणजे बल्ब शाबूत. आता रोज सकाळी मी तो लागतो का ते पाहतो आणि लागला की दचकतो.

बाबांना नमस्कार, भाऊजींना आठवण. थांबतो.

तुझा,
धाकटा

ता. क. गाडी ठीक आहे, हे तुला वरून कळलंच असेल. खरं सांगू? धास्ती गाडीची नव्हतीच. बाबांना तुझ्याकडे आणलं तेव्हा प्रत्येक खड्ड्याला त्यांनी माझा हात दाबला होता, आणि तोंडाने म्हणत होते, "काही नाही, चल तू." वाटेत पुन्हा त्यांना काही झालं तर त्याचा कोड मला कोण वाचून दाखवणार? तू सोबत येशील का गं? नुसती बाजूला बस.

ता. क. २ (हे मी, तुमची भावजय, पाकीट चिकटवायच्या आधी लिहितेय.) ताई, यांच्या पत्राला उत्तर लिहीत बसू नका, आम्ही रविवारी सकाळी पोचतोय. बाबांशी माझं बोलणं झालंय. ते खिडकीपाशी बसणार, गाडी मी चालवणार, आणि हे मध्ये बसून काळजी करणार. तुम्ही आलात तर फारच छान. मग बाबांची आरामखुर्ची मागे बांधायचीच आहे, यांना तिच्यात बसवू.