नारळ वर आला, दादा खालीच होता

वाडी, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७६

ती. चंपतमामा यांना सुभद्राचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि गाभण म्हैस यांचं कसं काय चाललंय? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे आता ठीक आहेत. परवापासून मला एका जागी बसवत नाही. हे पत्रही दोनदा अर्धं टाकून अंगणात फेऱ्या मारून आले. (आई म्हणते, बी.एस्सी. झाल्यापासून पोरीच्या पायाला भिंगरी लागली.) रविवारी तुम्ही जे पाहुणे आणणार आहात त्यांच्याबद्दल मी काहीच लिहीत नाही. मला आधी एम.एस्सी. करायचं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नौदलातून सुटल्यावर चंद्रभानदादा पिंपळडोह धरणावर पाणबुड्या म्हणून लागला. पाठीवर हवेची टाकी बांधून बुडतो आणि दरवाजात अडकलेले ओंडके काढतो. मागच्या महिन्यात घरी आला तो खांदा धरूनच. आईने थंड पाण्याचा वात ठरवून तिळाचं तेल चोळलं आणि पाण्यात घालायला (मामा, पाण्यात!) लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. मी मात्र दादाची नौदलातली पुस्तिका वाचून काढली. खोल पाण्यात श्वासातली हवा अंगात मुरते. माणूस सावकाश, मधे थांबत थांबत वर आला तर ती निमूट निघून जाते. घाईने आला तर गोटीसोडा फोडल्यासारखे बुडबुडे होतात, सांध्यात नाहीतर मणक्यात, आणि माणूस जन्माचा अधू होऊ शकतो. एकाच दिवशी दोनदा बुडायचं असेल तर खोल बुडी आधी, उथळ नंतर. दादाने उलटं केलं होतं. त्याला नियम ठाऊक नव्हता असं नाही, पण धरणावर रामाजी मुकादमांचा नियम मोठा: नारळ जिथे फुटला तिथेच पहिला हात लागला पाहिजे. आणि नारळ फुटायचा वरच्या दरवाजापाशी, कारण खालच्या, शंभर फुटांवरच्या दरवाजापाशी तो फोडायला जाणार कोण?

परवा दोन्ही दरवाजांचं काम होतं. डबा द्यायच्या निमित्ताने मी धरणावर गेले आणि रामाजींना वायूंचे सगळे नियम समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, तू शिकली हायस, बरोबरच असन. पण नारळाचं काय?" तेव्हा मला वाटलं, नारळच खाली नेला तर? दादा म्हणाला, "सुभे, नारळ तरंगते वं." मी म्हटलं, बुडायला कमरेला बांधतोस त्या शिशाच्या पट्ट्यात खोच. (तरंगण्याच्या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण होते, मामा.)

रामाजींनाही ते पटलं, आणि नारळ कमरेला खोचून दादा आधी खालच्या दरवाजाला बुडाला. नावेत दोर धरून रामाजी, नखं खात मी, आणि पाण्यावरचे बुडबुडे पाहत नावेच्या काठावरून ओणवे झालेले एक तरुण ओव्हरसियर. बराच वेळ काहीच झालं नाही. मग काय सुटलं कोण जाणे, नारळ कुठेही न थांबता (पुस्तिकेत नेमकं हेच करू नका म्हटलं आहे) सरळ वर आला आणि ओव्हरसियरांच्या कपाळावर आदळला.

रामाजी पांढरे पडले. "देवानं नारळ वापस केला! काम बंद! पोराले वर घ्या!" आणि दोर ओढायला वाकले. दोर जोरात ओढला की तडक वर ये, अशी खूण ठरलेली. दादा मधे कुठे थांबलाच नसता. मी धडपडत जाऊन दोराच्या पुढ्यातच बसले.

"काहून बसून राहिली वं तिथं? सरक!"

"नाही सरकत."

"अपशकुन झाला, बाई! पोरगा खाली हाय!"

"खाली आहे म्हणूनच!"

माझं सगळं विज्ञान तिथे संपलं, मामा. मी नुसती रडत होते. तेवढ्यात ओव्हरसियर कपाळ चोळत म्हणाले, "रामाजी, खालचा दरवाजा कुठे आहे?"

"आपल्या पायाखालीच की, साहेब."

"सरळ खाली?"

"सरळ."

त्यांनी नारळ उचलला आणि नावेच्या लोखंडी कडीवर आपटून फोडला. "मग हा त्याच दरवाजावर फुटला. जरा वरून फुटला, एवढंच."

रामाजींनी विचार केला, पाण्याकडे पाहिलं, खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि मागे सरून बसले. दादा यथावकाश, थांबत थांबत वर आला आणि विचारतो कसा, "माझा नारळ कोणी पाह्यला काय गा?" जेवून, चांगला आराम करून मग तो उथळ दरवाजाला गेला. खांदा दुखला नाही.

तुमची भाची,
सुभद्रा

ता. क. आता खरं सांगते, पत्र यासाठीच लिहायला घेतलं. खोल काम आधी, उथळ नंतर, हे तुम्हालाही पटलं असेल. म्हणून एम.एस्सी. आधी, लग्न नंतर. (लग्न उथळ असतं असं मी म्हणत नाही, मामी पत्र वाचतील.) तेव्हा रविवारच्या पाहुण्यांना तुम्हीच परस्पर नको म्हणून कळवा.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होते तोच बाबांनी मुलाचं नाव सांगितलं. कृष्णकांत, पिंपळडोह धरणावर ओव्हरसियर. पाहुण्यांना काही कळवू नका, येऊ द्या. फक्त दोन वर्षं थांबायची तयारी आहे का, ते वाटेत विचारून ठेवा, आणि कपाळावरच्या टेंगळाबद्दल आईसमोर कोणी काही विचारू नये. दादा पाण्यात स्वेटर घालायला साफ नाही म्हणतो, आणि तो तर विणून झाला. त्यांना बरोबर होईल असं वाटतं. (नाव डोलत होती, तरी मी नीट पाहिलं आहे.)