हुकावरची हिरवी साडी

मंगळवार, संध्याकाळ

पिंप्राळ्यातला एक फ्लॅट पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देतात. एक पाहुणे गेले की दुसरे येण्याआधी मी झुरळांचं औषध फवारतो. मालकीण अक्का खालूनच म्हणाल्या, "जाय भाऊ, बठ्ठं रिकामं शे." सगळं रिकामं म्हटल्यावर मी सरळ वर गेलो.

स्वयंपाकघर झालं. आतल्या खोलीत हुकाला हिरवी साडी लटकत होती. कोणी विसरलं असेल. नळी तिच्यामागच्या भिंतीकडे धरली आणि साडी हलली.

झोळी होती. आत तान्हं बाळ!

उचलून खाली पळालो. अक्कांच्या सुनेने लग्नाच्या पाहुण्यांना आधीच किल्ली दिली होती. बाळाची आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. अक्का म्हणाल्या, "माले कोनी सांगंच नही!"

पण मी आधी हाक का मारली नाही?

बाळ ठीक आहे. घरी आल्यावर दोरीवरची आईची साडी मी हाताने चाचपून पाहिली.