चार वाजून दहा मिनिटांचं दुकान

३ मार्च, सकाळी ८.५८
माझं दुकान नऊला उघडतं म्हणजे नऊलाच. शेजारचा मेडिकलवाला नऊची पाटी लावून साडेनऊला शटर उघडतो, आणि वर माझ्याकडे बघून स्वतःचं घड्याळ लावतो.
आज शटरसमोर सतरा माणसं. एकाच्याही हातात बिघडलेलं घड्याळ नाही, सगळ्यांच्या हातात मोबाईल. हे सगळं मेव्हण्याचं पाप. त्यानेच सीरियलवाल्यांना माझं दुकान दाखवलं. मीही गाढव, चार दिवस बाहेरून शूटिंग करू दिलं. आता ती सीरियल घरोघरी लागते. मी बघत नाही. मोबाईलही वापरत नाही. तत्त्व.

४ मार्च, १०.०७
बायकोने स्टोरी सांगितली. (ती बघते. तिला तत्त्वं नाहीत.) म्हातारा घड्याळजी. मुलगी चार वाजून दहा मिनिटांनी घर सोडून जाते. ती परत येईपर्यंत म्हातारा दुकानातली सगळी घड्याळं त्याच वेळेवर बंद करून ठेवतो. म्हणे लोक ढसाढसा रडतात. घड्याळं बंद पाडणारा घड्याळजी! म्हणजे उद्या आगीच्या बंबवाल्यानेच काडी लावायची.
संकल्प: माझ्या दुकानातलं एकही घड्याळ थांबणार नाही. सत्तावीस वर्षांत थांबलेलं नाही.

६ मार्च, ११.३१
एक बाई म्हणाली, काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. माझ्याच काउंटरवर! सरकलो. मनात मात्र चांगलंच खडसावलं.
मग मास्तर आले. रिटायर्ड शिक्षक, जुनं गिऱ्हाईक. टोल्यांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय. त्यांच्या बायकोची दृष्टी गेलीय, टोले मोजून तिचा दिवस चालतो. चार दिवसांत देतो म्हटलं. माझे चार म्हणजे चारच.

९ मार्च, बाराच्या सुमारास
सकाळपासून एकच कटकट, घड्याळं चालू कशी? एका टिनपाटाने तर फसवणूक म्हटलं. म्हणून एक, फक्त एक, ४.१० वर थांबवलं. थांबवलं नाही, तपासणीला ठेवलं. त्याच्यासमोर रांग लागली. मेडिकलवाला दारातून बघत होता. जळतो मेला.

१२ मार्च, दुपार
सगळी थांबवली. बिझनेस डिसिजन आहे, माघार नव्हे.
तरी लोकांचं समाधान नाही. एकदोन टिकटिकतात, व्हिडिओत आवाज येतो म्हणे. शेवटी लंबक, चाकं, स्प्रिंगा, सगळंच काढून टाकलं. प्रत्येक घड्याळाचे भाग वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मोडला म्हणून धाकट्या भावाला मी दुकानातून हाकललं होतं. पण आज लोक खोळंबले होते. तूर्त सगळं एका बिस्किटाच्या डब्यात. कुठला भाग कशाचा, मला तोंडपाठ आहे.
मास्तरांचं घड्याळही खोलून भिंतीवर टांगलं. फोटोत त्याची डायल उठून दिसते. ते येऊन गेले. काम नाजूक आहे म्हटलं.

२० मार्च, जेवणानंतर
लोकांना घड्याळं कमी वाटतात. दुकानाच्या वरच आमचं घर, तिथलं गजराचं घड्याळ आणून लावलं. मनगटावरचंही. त्यांची मशीनं डब्यात.
सीरियलमधल्या म्हाताऱ्यासारखा स्वेटर घालून दोन दिवस बसलो. घामाघूम. माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. आणि मास्तर तिसऱ्यांदा आले, तर पोरांनी सीरियलमधला म्हातारा समजून त्यांनाच गराडा घालून सेल्फी काढले! त्यांना काउंटरपर्यंत पोचायलाच बराच वेळ लागला. सोमवारी नक्की, असं सांगितलं. कुठला सोमवार ते त्यांनी विचारलं नाही.
बायको म्हणाली, आधी मास्तरांचं घड्याळ उतरवून नीट कर. हिला मार्केटिंग कळत नाही.

२ एप्रिल, ऊन डोक्यावर
काल शेवटचा एपिसोड. मुलगी परत आली, म्हाताऱ्याने सगळी घड्याळं एकदम चालू केली. बायको रडली. आज शंभरेक माणसं दुकानात, सगळ्यांचं एकच, चालू करा.
हा तर माझा प्रांत! डबा उघडला. चाकांत स्प्रिंगा, स्प्रिंगांत लंबक, तळाला स्क्रूंचा चिवडा. विसरलो असं नाही. गर्दीत कुणाचंही डोकं चालत नाही. एकाचा लंबक दुसऱ्याला लावला. तीन हेलकावे घेऊन थांबला. सगळे मोबाईल वर धरून उभे. पाच मिनिटं, दहा मिनिटं (अंदाजे). मग मागून कुणीतरी म्हणालं, हे दुकान नकली आहे. खरं सेटवर असेल.
निघून गेले. बरं झालं. भिकारडे लेकाचे.

३ एप्रिल, संध्याकाळी ५.२० (मेडिकलवाल्याला विचारून)
दिवसभर कोणी नाही.
मास्तर आले. ते काही बोलायच्या आत मीच म्हटलं, उद्या नक्की. ते भिंतीकडे बघत राहिले.
"राहू दे," म्हणाले. "ती आता वेळ मलाच विचारते. मी अंदाजाने सांगतो."
घड्याळाची रिकामी पेटी त्यांनी स्वतःच उतरवली, काखेत धरली आणि गेले. डब्यातलं काहीच मागितलं नाही. मला एकदम वाईट वाटलं. ऊन लागलं असेल.
संकल्प: उद्यापासून पुन्हा शिस्त. दुकान नऊच्या ठोक्याला. बायकोला सांगून ठेवलंय, मेडिकलवाल्याचं शटर वाजलं की मला उठव.