समोरच्या खोलीत गाडीची वेळ सांगू नये

मी, पुनाजी रामाजी उईके, वय पासष्ट वर्षे, एस.टी.च्या वर्धा आगारातून सेवानिवृत्त झालेला वाहक, राहणार सिंदी मेघे, तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. धाकटा भाऊ दुर्गेश गेली सात वर्षे सोयऱ्याधायऱ्यांत सांगत फिरतो की परदेशातून आल्यापासून दादा चळला. त्याच्यासाठी दाखल्याची एक जास्तीची प्रत काढून ठेवली आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आहे तो छातीत, आणि त्यामुळेच हे लिखाण आणखी पुढे ढकलता येत नाही.

१. सिंदी मेघे येथील राहते घर, तीन खोल्या, मागे न्हाणी आणि कडुनिंबाचे झाड, हे माझ्या पगारातून बांधलेले आहे. माझ्यामागे ते माझी मुलगी गुंजन हिचे. ती पवनारच्या शाळेत शिकवते आणि माझ्यासोबत राहते. माझी तीच तीच गोष्ट ऐकताना तिने अजून एकदाही तोंड वाकडे केलेले नाही. बँकेतली ठेव मुलगा लखन याची. तो पुण्याला असतो. ही वाटणी दोघांना ठाऊक आहे आणि दोघांची तक्रार नाही.

२. तक्रार आहे ती समोरच्या खोलीबद्दल. लखनचे म्हणणे असे की तिला शटर लावून मोबाइलवाल्याला भाड्याने द्यावी. दिवाळीत तो म्हणाला, "बाबा, खालीच पडून राह्यली ना ते खोली. काऊन ठेवता?" त्या वेळी मला सांगता आले नाही. मी नुसता खेकसलो. आता लेखी सांगतो. ही खोली विकू नये, भाड्याने देऊ नये, तिला शटर लावू नये. ती पाहुण्यांची आहे. गुंजनला घर मिळते ते याच अटीवर.

३. या अटीचे कारण पुढीलप्रमाणे. इतर मृत्युपत्रांत कारणे नसतात हे मला माहीत आहे, पण वाचणाऱ्याने थोडा दम धरावा.

मी २०१८ साली निवृत्त झालो. त्याच्या तीन वर्षे आधी माझी बायको सुंदरा वारली होती. मी घरात नुसता येरझारा घालायचो. लखन म्हणाला, "बाबा, कुठीतरी फिरून या." त्याच्या मनात शेगाव होते. माझ्या मनात काय होते ते मलाही सांगता आले नसते. चौतीस वर्षे मी लोकांना तिकिटे दिली, शेवटच्या थांब्यावर सगळ्यांना उतरवले आणि त्याच गाडीने परत आलो. आमच्या गल्लीतला रोशन तेव्हा किरगिझस्तानात डॉक्टरकी शिकत होता. सुटी संपवून तो निघाला तेव्हा त्याच्यासोबत मीही विमानात बसलो. लखनची कॉलेजातली निळी सॅक पाठीवर होती. तीन दिवस रोशनच्या खोलीत काढले आणि चौथ्या दिवशी एकटाच डोंगरांकडे जाणाऱ्या गाडीत चढलो.

नारीन गावाच्या पुढे एका फाट्यावर ड्रायव्हरने मला उतरवून दिले आणि पुढची गाडी उद्या असे खुणेने सांगितले. मी त्याला मराठीतून चार शब्द सुनावले. तो हसला आणि निघून गेला. मग गारा पडायला लागल्या. रस्त्याने वाळल्या गवताची गाडी येत होती आणि गवतावर एक म्हातारी बसली होती. तिने मला काही विचारले नाही. हाताने "चल, वर चढ" एवढेच केले, जणू मी तिच्याच घरचा होतो आणि उगाच उशीर करून राहिलो होतो. तिचे नाव बुरुल. घरात तिचा मुलगा नुरबेक, सून, आणि अकरा वर्षांची नात अयझादा. बुरुलला सगळे आपा, म्हणजे आई, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ती माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी असेल.

घरात शिरताच तिने तांब्यासारख्या भांड्यातून माझ्या हातांवर कोमट पाणी घातले. कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावी माझी आई अशीच पाहुण्याच्या पायांवर पाणी घालायची आणि गोंडीत विचारपूस करायची. मी शहरात घर केले आणि पाणी घालणे सुटले. भाषाही सुटली. त्या परक्या घरात हात पुसताना मला आईची इतकी आठवण आली की मी तोंड फिरवून उभा राहिलो.

पण त्यानंतर चहा आला, आणि माझे टाळके सरकले. त्यांच्याकडे कपाला कान नसतो, लहान वाटीसारखा पियाला असतो. आपाने मला अर्धा पियाला चहा दिला. अर्धाही नाही, तळाला. आमच्याकडे पाहुण्याला काठोकाठ दिला नाही, बशीत थोडा सांडला नाही, तर घराची अब्रू जाते. मी मनात म्हटले, गरीब असतील, पण इतके? पिऊन परत दिला तर पुन्हा अर्धाच. असे सहा वेळा झाले. तीन दिवस मी हा अपमान गिळत राहिलो, त्यांच्यासोबत गवत भरत राहिलो, आणि त्यांच्याकडे मटण मात्र पोटभर कसे देतात याचे कोडे मला सुटेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपाचा हात दुखत होता. मी म्हटले, आता दाखवतोच यांना वर्ध्याचा चहा. दूध, साखर, सॅकमधली सुंठ घालून उकळला आणि पहिला पियाला आपापुढे ठेवला, काठोकाठ, खाली कापडावर सांडेपर्यंत. आपाने पियाल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग ती सावकाश उठली, शाल पांघरली, काठी घेतली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. अयझादा हसून हसून लोळायला लागली. नुरबेकने फोनमध्ये बोलून मला हिंदीत ऐकवले. त्यांच्याकडे पियाला पूर्ण भरून दिला म्हणजे, पाहुण्या, हा पी आणि निघ. अर्धा देतात तो यासाठी की तू तो परत माझ्या हातात द्यावास, मी पुन्हा भरावा, आणि बसणे लांबावे. मी आपाला तिच्याच घरातून हाकलून दिले होते. मी दारात गेलो आणि तिच्यापुढे हात जोडले. तिने आत येऊन माझाच कान पिळला.

४. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण सुंदराची बहीण देवकाबाई. हे कबूल करायला मला सात वर्षे लागली.

माझ्या समोरच्या खोलीत भिंतीवर वर्धा आगाराचे वेळापत्रक टांगलेले असे. कोणी पाहुणा आला की मी त्याला चहा काठोकाठ देई आणि सोबत गाडीची वेळ सांगे. सगळ्या गाड्या मला तोंडपाठ होत्या आणि त्याचा मला फार तोरा होता. सुंदराच्या शेवटच्या आजारात देवकाबाई आर्वीकडून आली, हातात कपड्यांचे बोचके घेऊन. ती राहायला आली होती. मी दिलेला चहा तिचा पिऊन होतो न होतो तोच मी म्हणालो, "साडेचारची गाडी आहे तुमची. ते चुकली त मंग रात्रीच आहे." ती बोचके न सोडता उठली. सुंदरा आतून म्हणाली, "अजी, राहू द्या ना तिले." मी म्हणालो, "तिच्या सोयीसाठीच सांगून राह्यलो." मी स्वतः तिला बसमध्ये बसवून दिले, तिकीटही काढले. सतरा दिवसांनी सुंदरा गेली. देवकाबाई मातीला आली, आणि त्यानंतर या घरात आली नाही. आम्ही गोंड माणसे, आमच्याकडे पाहुणा जोहार करून येतो आणि जोहार करून जातो. तिने जाताना मला जोहार केला नव्हता, आणि ते मला तेव्हा कळलेही नव्हते.

५. म्हणून असे ठरवतो. सुंदराच्या चांदीच्या पाटल्या व कमरपट्टा देवकाबाईला द्यावा. गुंजनने हे दागिने स्वतः आर्वीला घेऊन जावेत, कोणाच्या हाती धाडू नये. समोरच्या खोलीत देवकाबाईला हवे तितके दिवस राहण्याचा हक्क आहे. त्या खोलीत कोणत्याही पाहुण्याला गाडीची वेळ सांगू नये. भिंतीवरचे वेळापत्रक मी काढले आहे. ते दुर्गेशला द्यावे. त्याच्याकडे पाहुणा टेकतो न टेकतो तोच तो जांभया द्यायला लागतो, त्याला उपयोगी पडेल.

६. एक रात्र राहायला गेलो तो मी अकरा दिवस राहिलो. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आपाने मला पियाला दिला. आज तरी पूर्ण भरेल असे वाटले होते. अर्धाच होता. मी प्यायलो, तिने पुन्हा अर्धा भरला. जन्मभर मी कोणासाठी गाडी थांबू दिली नाही, आणि त्या दिवशी माझ्यासाठी ती थांबली होती, आणि मलाच ते सहन झाले नाही. तो शेवटचा पियाला तसाच ठेवून मी उठलो. माझा तिकिटांना भोके पाडायचा चिमटा मी अयझादाला दिला. पुढच्या वर्षी येतो म्हणालो.

पुढच्या वर्षी गुडघ्याचे ऑपरेशन निघाले. त्याच्या पुढच्या वर्षी सगळे जगच बंद झाले. मग छातीचे सुरू झाले. आपा नुरबेकच्या फोनवरून मला आवाज पाठवायची. दोन वाक्ये बोलायची आणि मागे भांड्यांचा आवाज यायचा. मला एक शब्द कळत नसे, तरी मी जेवणाआधी ऐकायचो. २०२२ च्या जानेवारीत नुरबेकचा निरोप आला की आपा गेली, आणि मी ठेवून आलो होतो तो पियाला त्यांनी पोस्टाने मला पाठवला. मी फार ठिकाणी राहिलो नाही, पण मला घरी जायचे आहे असे जेव्हा वाटते, तेव्हा डोळ्यांपुढे ते घर येते. तिथे मी अकराच दिवस होतो. याला काय म्हणावे ते मला माहीत नाही. मला तिथे जायचे आहे आणि आता जाता येणार नाही, एवढे खरे.

७. अयझादा आता अठरा वर्षांची आहे. तिने लिहिले आहे की पुढच्या हिवाळ्यात ती पाठीवर सॅक टाकून हिंदुस्थानात येणार आणि वर्ध्याला उतरणार. मी असेन की नाही सांगता येत नाही. समोरची खोली तिच्यासाठी झाडून ठेवावी. हात धुवायला कोमट पाणी द्यावे. ती किती दिवस राहणार हे विचारू नये.

८. निळी सॅक लखनची होती, ती त्यालाच परत द्यावी. माझी त्याला विनंती आहे, हुकूम नाही. एकदा ती घेऊन कुठेतरी जा, जिथे तुला कोणी ओळखत नाही. मग खोलीबद्दल पुन्हा भांड.

९. माझी माती आमच्या रिवाजाप्रमाणे आमच्या गावी करावी. आलेल्या लोकांना घाई करू नये.

१०. आपाचा पियाला गुंजनचा. गुंजन, तुझ्या हातचा चहा चांगला असतो, पण तूही माझीच पोरगी आहेस, काठोकाठ भरतेस. अयझादा आली की या पियाल्यात तिले चहा देजो. अर्धाच भरजो. पिऊन झाला की पुन्हा भरजो.

सही करण्यापूर्वीची नोंद, जी मृत्युपत्राचा भाग नाही, पण असू द्यावी. या लिखाणाचा कच्चा कागद काल टेबलावर उघडाच राहिला होता. आज दुपारी साक्षीदार आले तेव्हा गुंजनने चहा आणला. अण्णाजी आणि यशोदाबाई यांचे कप भरलेले होते, बशीत सांडले होते. माझ्यापुढे तिने आपाचा पियाला ठेवला. तो अर्धा होता. मी पिऊन परत दिला, आणि ती तो पुन्हा भरायला आत गेली.

सही: पुनाजी रामाजी उईके

साक्षीदार:
१. अण्णाजी नानाजी भोयर, सेवानिवृत्त चालक, वर्धा (सही)
२. यशोदाबाई बापूजी कुमरे, शेजारीण, सिंदी मेघे (सही)
दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, चहा सोडून.

ठिकाण: समोरची खोली, सिंदी मेघे, जिल्हा वर्धा
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५