डबा ठेवायचा की व्हॅन

कशेळी,
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. विशाल,

तुला आशीर्वाद. तुझ्या आईला, ठकुबाईंना, माझा नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याला आता आराम असेल. वज्रेश्वरीच्या कुंडात पाय सोडून बसायला सांग, मागे त्यांना बरं वाटलं होतं. इकडे ऊन फार आहे. यांना गुरुवारी थोडं ऊन लागलं होतं, आता बरे आहेत. माझी अंगणवाडी सकाळीच सुटते, त्यामुळे दुपारभर मी घरीच असते.

तुझे मेसेज मिळाले. उत्तर दिलं नाही, फोनही उचलला नाही, त्याचा राग मानू नकोस. पूर्वी तुझा फोन आला की मागून कटरचा आवाज यायचा आणि त्यावर ओरडून सार्थक सांगायचा, "आईला सांग, जेवायला उशीर हाय." आता तू हॅलो म्हणतोस आणि मागे काहीच नसतं. मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे.

तुझा प्रश्न सरळ आहे. मानकोलीची गाळ्यांची सगळी रांग कुठल्याशा मोठ्या कंपनीला गोडाऊनसाठी गेली, तेव्हा आपलाही गाळा या महिनाअखेर रिकामा करायचा आहे. आत राहता येईल अशा ज्या दोन गाड्या तुम्ही बनवत होतात, त्यातली एक पुण्याच्या माणसाला हवी आहे, कोणतीही चालेल. दुसरी आमच्याकडे राहील. कोणती ठेवायची ते काकींनी ठरवावं, असं तू लिहिलं आहेस. मला गाड्यांतलं काय कळतं? जे कळतं ते तुम्हा दोघांच्या भांडणातून.

दोन्ही फोर बाय फोर, चारही चाकं ओढणाऱ्या, डोंगरात आणि चिखलात जाणाऱ्या, एवढ्यावर तुमचं एकमत होतं. त्यापुढे कशावरच नाही. तुला पिकअप हवी होती, तिच्या पाठीवर राहण्याचा डबा वेगळा ठेवलेला. पुढे ड्रायव्हर, मागे घर, मध्ये भिंत. त्याला हवी होती सलग व्हॅन, सीटवरून उठलं की चालत मागे बिछान्यापर्यंत जाता येईल अशी. आमच्या पडवीत जेवताना तू म्हणालास, "काकी, चिखलाचे बूट घेऊन हा सरळ अंथरुणावर जाणार. तुम्ही घरात चालवून घ्याल का?" तो म्हणाला, "आणि रात्री बाहेर बिबट्या असला तर याला डब्यात जायला खाली उतरावं लागेल. उतर तू. मी पुढं काच लावून बसतो आन् बघतो तुजा काय होतं." यांना हसून हसून ठसका लागला होता. शेवटी कोणीच हरलं नाही आणि तुम्ही दोन्ही करायला घेतल्या. एकही पूर्ण झाली नाही.

मी विचार केला आहे. पिकअप ठेवू या.

कारणं देते. आमच्या गल्लीत गणपतीच्या देवळापाशी वळण आहे, तिथे व्हॅन एका दमात वळत नाही. पिकअप फेब्रुवारीत तू आमच्या अंगणात आणून लावलीस ती नीट आली. यांनी इतकी वर्षं भिवंडीत टेम्पोवर तागे वाहिले आहेत, त्यांना पिकअपचा हात आहे. आणि मुख्य म्हणजे डबा चार पायांवर उभा करून खालून पिकअप काढून घेता येते. गाडी कामाला जाईल आणि डबा अंगणात राहील. मला ही सोय चांगली वाटते. एखादी खोली असल्यासारखं.

व्हॅनही आम्ही पाहिली, पाहिली नाही असं समजू नकोस. पाडव्यानंतर हे गाळ्यातून ती घेऊन आले आणि मला बसवून खाडीच्या बाजूला बांधावर नेली. चिखलात घातली, बटण दाबलं, चारही चाकं फिरली आणि आरामात बाहेर आली. हे खूष होते. म्हणाले, "पानी दे." मी म्हटलं, पाणी मागे आहे. "मंग जा की. उठून जाता येतं, त्याच्यासाठीच तर बनवली." मी म्हटलं, आधी गाडी थांबवा. त्यांनी थांबवली. तरी मी उठले नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि स्वतः जाऊन पाणी आणलं.

त्या गाडीत पाठीमागे सगळं उघडं आहे, विशाल. बसल्या जागेवरून मान वळवली की बिछान्याची पूर्ण फळी दिसते. डब्याचं तसं नाही. दार लावलेलं असलं की आत कोणी आहे की नाही हे बाहेरून सांगता येत नाही.

डब्यात मी रोज झाडू मारते. तू बॅटरी काढून नेलीस, पण छतावरचं पॅनेल त्याने पंख्याला तात्पुरतं जोडून ठेवलं होतं, ते तसंच आहे. गाळ्यात ऊन नव्हतं म्हणून कधी कळलं नाही. अंगणात आल्यापासून ऊन छतावर चढलं की पंखा आपोआप फिरायला लागतो आणि ऊन गेलं की हळू होत थांबतो. ढग आला तरी दम घेतो. ते का होतं हे मला ठाऊक आहे, यांनी वायर दाखवली. तरी सकाळी तो आवाज सुरू होईपर्यंत मला चहा जात नाही.

माझ्या नणंदेला, सीताबाईंना, हे पटत नाही. परवा कुंपणावरून म्हणाल्या, "रिकाम्या गारीला बाहेरून कडी कशाला लावतंस, कमले? कोन पलून चाललाय?" मी म्हटलं, वाऱ्याने दार आपटतं.

तेव्हा पिकअप आमची. व्हॅन त्यांना देऊन टाक. यावर पुन्हा बोलायला नको.

---

शनिवार, २६ एप्रिल

पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, टाकलं नाही. वर लिहिलेलं फाडत नाही. तू सगळंच वाच.

यांना ऊन लागलं असं मी लिहिलं आहे. ते कसं लागलं ते सांगते. हे कोणाला सांगितलेलं नाही. सीताबाईंना तर मुळीच नाही.

त्या गुरुवारी मी अंगणवाडीतून आले तर डब्याचं दार थोडं उघडं होतं. वाऱ्याने असेल असं वाटलं. मी कडी घातली आणि पडवीत बोंबील साफ करायला बसले. हे घरात नव्हते, नाक्यावर गेले असतील असं धरून चालले. प्रत्यक्षात ते डब्यात होते. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो बिछाना केला आहे ना, त्यावर चढून झोपले होते. तेही जातात तिथे, हे मला माहीत नव्हतं. मी नसताना जायचे.

डब्याच्या दाराला आतून हँडल बसवायचं राहिलं आहे, हे तुला माहीत आहेच. खिडक्यांच्या जागी अजून प्लायच आहे. यांचा फोन घरात चार्जिंगला होता.

थोड्या वेळाने आतून दार वाजलं. जोरात नाही. आपण आत असलेल्या माणसाला उठवायला वाजवतो तसं, हलकं. थोडं थांबून पुन्हा वाजलं.

मी घाबरले नाही. खरं सांगायचं तर मला कोण आहे असा प्रश्नच पडला नाही. भाद्रपदापासून मी ते वाजण्याची वाट पाहत होते. हात तसेच माशांचे, उठून डब्यापाशी गेले. पत्रा तापला होता. त्यावर हात ठेवून म्हटलं, "आहे रे मी. इथंच आहे. पडून राहा."

वाजणं थांबलं.

मग मी तिथेच चाकाला टेकून बसले आणि बोलत राहिले. काय बोलले ते लिहीत नाही. एवढंच सांगते, हॉस्पिटलात शेवटी मला बाहेर बाकावर बसवलं होतं. डेंगीच आहे, उतरेल, असं सगळे सांगत होते, म्हणून मीही बसले होते. तेव्हा आत जाऊन जे बोलायचं राहिलं, ते आता बोलले. त्यानंतर घरात काय काय झालं ते सांगितलं. तू गाळ्यावर जात नाहीस हेही सांगितलं. आत पंखा फिरत होता. मला इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला आत पाणी ठेवायला म्हणून कडी काढली. पंखा थांबला होता. हे खाली जमिनीवर बसले होते, भिंतीला पाठ लावून, बनियन घामाने भिजून अंगाला चिकटलेलं. मी दारात उभी आणि ते माझ्याकडे बघत. म्हणाले, "डोला लागला व्हता." तांब्याभर पाणी प्यायले, अजून मागितलं, घरात जाऊन पडले. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. रविवारी मी तुला वरचं पत्र लिहिलं तेव्हा ते शेजारच्या खोलीत होते आणि तरीही आम्ही एकमेकांना काही बोललो नव्हतो.

बुधवारी सकाळी चहा घेताना ते म्हणाले, "गुरवारचा सांगू का तुला?"

मी म्हटलं, नको.

"न्हाय, ऐक. मी दोनदा वाजवला. मंग तू बोललीस. मना वाटला, आता मी हाक मारली, त हिचा काय होईल."

मी कप खाली ठेवला.

"एवरा बोलतंस तू?" ते म्हणाले. "लगीन झाल्यापासून माझ्याशी न्हाय बोललीस एवरा."

"मी तुमच्याशी नव्हते बोलत."

"म्हायती हाय. म्हनून त गप रेलो."

तू यांना ओळखतोस. हे चिडून बोलत नव्हते. मग म्हणाले, "पन कमल, त्याला डबा पसंतच नव्हता. रोज भांडायचा विशालशी. तो कुठं असता, त व्हॅनमंदी असता."

विशाल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इतके दिवस तिथे बसले, कडी लावली, पाणी ठेवलं, आणि ती गाडी त्याची नव्हतीच. ती तुझ्या मनातली होती. मला दार बंद होणारी गाडी हवी होती म्हणून मी त्याला तिच्यात ठेवलं. जिवंत असता तर म्हणाला असता, "आई, तुला पन हाच डबा भेटला?"

परवा गुरुवारी मी अंगणवाडीला दांडी मारली, पहिल्यांदाच. हे मला मानकोलीला घेऊन गेले. गाळ्यात तुझी अर्धी हत्यारं तशीच पडली आहेत, धूळ बसली आहे. यांनी शटर वर केलं आणि व्हॅनमध्ये स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी शेजारी बसले. चावी लावली नाही. बाहेर ट्रकवाले हिंदीत एकमेकांना मागे घ्या, पुढे घ्या करत होते. मी तेवढंच ऐकत राहिले. मग उठले आणि खाली न उतरता, दोन सीटांच्या मधून मागे गेले.

कोणी नव्हतं.

प्लायच्या फळ्या, एक उसवलेली गादी, पेन्सिलीने मारलेल्या खुणा. मी गादीवर पडून पाहिलं. मी नीट वाट पाहिली. त्या गाडीत काहीही हलत नाही, काही वाजत नाही. तिथून पुढच्या दोन्ही सीटा दिसतात आणि काचेबाहेरचा रस्ताही दिसतो. यांचं डोकं दिसत होतं, मागून सगळं पांढरं झालेलं. ते कधी झालं ते मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी वळून विचारलं, "हाय का कोन?"

मी म्हटलं, "मी आहे."

तेव्हा आता व्हॅन आमच्याकडे ठेव. तिचं राहिलेलं काम तू पूर्ण कर, तुला जमेल तेव्हा. गल्लीत वळत नाही तर देवळापाशी लावू, सीताबाईंना बोलायला विषय होईल. हे म्हणतात, पावसाआधी तुमच्या गावापर्यंत तरी नेऊ. मी अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.

पिकअप आणि डबा घेऊन जा. पुण्याच्या माणसाला देण्याआधी दाराला आतून हँडल बसव. हे विसरू नकोस. पंख्याची वायर तू काढ, मी हात लावणार नाही. तू येशील त्या दिवशी मी घरी थांबणार नाही असं आधी ठरवलं होतं, आता थांबेन. डबा फाटकाबाहेर जाताना मी बघेन की घरात बसेन ते मला आत्ता सांगता येत नाही. काही झालं तरी तू गाडी थांबवू नकोस.

तू त्याच्या बाराव्यानंतर आमच्या घरात पाऊल ठेवलं नाहीस, फेब्रुवारीतही गाडी लावून अंगणातूनच परत गेलास. का नाही, ते मी विचारणार नाही. सकाळीच ये म्हणजे जेवून निघता येईल. बोंबील करीन. तुझ्या आईलाही आण, आम्ही दोघी बसू.

फक्त एक कर. आलास की फाटकापासूनच मोठ्याने हाक मारत ये. दार वाजवू नकोस.

तुझी
कमळाकाकी