चौथ्या प्रकरणाची दुसरी प्रत

११ मार्च २००२, सोम.
कॉम्प्युटर सकाळपासून टक-टक करतोय. आधी वाटलं पंखा. मग पडदा गोठला, माउस हलेना. राठौरजींना बोलावलं. हे मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला होते तेव्हा राठौरजी तिथेच इलेक्ट्रिशियन. मिल बंद पडली तसे ते कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. हे काय शिकले? पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला. (असं लिहू नये. लिहिलं.)
राठौरजींनी डब्याला कान लावला. "भाभीजी, हार्ड डिस्क जा रही है. आज चल गई, कल की गारंटी नहीं. जो काम का है, निकाल लो."
कामाचं एकच, मी टाइप केलेला कॉलेजातल्या मॅडमचा प्रबंध. मिलमध्ये काम केलेल्या मराठी बायकांवर. सहा प्रकरणं, साडेतीनशे पानं, ३० तारखेला विद्यापीठात द्यायचाय. मी घाबरले नाही. सगळं फ्लॉपीवर आहे, आणि मॅडमच्या हातचे मूळ कागद दिवाणाखाली खोक्यात.

१३ मार्च, बुध.
बाराच्या बारा फ्लॉपी गेल्या. एकही उघडत नाही.
राठौरजींनी विचारलं, फ्लॉपीचा डबा ठेवता कुठे? म्हटलं, फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर, तिथे कुणाचा हात लागत नाही. खाली क्रोशाचा रुमालही घातलाय. त्यांनी कपाळावर हात मारला. आत ट्रान्सफॉर्मर असतो म्हणे, त्याचं चुंबक फ्लॉपी पुसून टाकतं. वर्षभर मी अगदी नीटनेटकेपणाने सत्यानाश करत होते.
मग दिवाणाखाली वाकले. खोकं रिकामं.
हे म्हणाले, "अगं, ते तर रद्दीत दिलं. पंधरा दिवस झाले. टाइप झालं होतं ना सगळं? मी समजलो, अब क्या काम."
तशीच पायात चपला घालून छत्रीबागेच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे. तो हसला. "भाभी, उसकी तो सेव की पुड़िया बन गई होगी."
ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर मिल बंद पडल्यापासूनचं, चार वर्षांचं सगळं बाहेर आलं असतं. घरी बसून कंटाळतात, मग मला 'मदत' करतात.

१५ मार्च, शुक्र.
म्हणजे आता प्रबंध जगात एकाच जागी आहे, त्या टकटकणाऱ्या डब्यात.
राठौरजींनी समजावलं. फ्लॉपीचा नाद सोडा. एक दुसरी डिस्क बसवू, तिच्यावर सगळं उतरवू. एक सीडी बनवू. "और भाभीजी, दो कॉपी एक ही घर में मत रखना. एक बाहर दो, किसी भरोसे वाले को."
भरोशाचं माणूस म्हणजे मॅडमच. पण सीडी देताना कारण सांगावं लागेल. डिस्क बिघडली म्हटलं तर म्हणतील, काळजी कशाला, मूळ कागद आहेत ना. त्यापुढे मी काय बोलणार?
पाच वर्षं हिंडल्या त्या घरोघरी. टेप काढला की बायका गप्प व्हायच्या, म्हणून सगळं हातानं लिहून घेतलं. त्यातल्या निम्म्या बायका आता गावाला गेल्या, काही वर गेल्या.
पुण्याहून दादाचा फोन, पुतण्याच्या साखरपुड्याला ये. कशी जाऊ? डिस्क सोडून हलता येत नाही आणि ह्यांना डिस्कजवळ सोडता येत नाही.

१८ मार्च, सोम.
दुसरी डिस्क बसली. राठौरजी सकाळी दहापासून सं. ५ पर्यंत इथेच. १, २, ३ उतरली. ५, ६ पण. प्र. ४ आलं की टक-टक, आणि सगळं ठप्प. अकरा वेळा केलं.
प्र. ४ म्हणजे आईंची मुलाखत. माझ्या सासूबाई. अठ्ठावीस वर्षं वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळलं त्यांनी. गेल्या पितृपक्षात गेल्या. त्यांना पुन्हा कोण विचारणार?
ह्यांना सांगितलं. म्हटलं, तुम्ही रद्दीत आईंना दिलंत. फार लागेल असं बोलले. बोलायचं होतं म्हणूनच बोलले. ते अंगणात जाऊन उभे राहिले, जेवायला आले नाहीत.

२० मार्च, बुध.
पाच प्रकरणांची सीडी मॅडमना देऊन आले. त्या मूळ सातारच्या, इथल्या कॉलेजात सहा वर्षं झाली. मराठी अगदी स्वच्छ, आपण आपोआप सरळ बसतो.
"आणि चौथं, सुलभाताई?"
"थोडं राहिलंय."
सरळ खोटं. वर त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. गाइड सरांना मुलाखतींचे मूळ कागद पाहायचेत. शनिवारी अकराला येते, घेऊन जाईन."
हो म्हटलं. हो! परत येताना रिक्षात रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशात पाहून गाणं बंद केलं.

२२ मार्च, शुक्र.
दु. दोनला प्र. ४ उघडलं! कितव्यांदा ते मोजलं नाही. पडद्यावर आहे, एकतीस पानं.
राठौरजींना फोन. म्हणाले, आता मशीन बंद करायचं नाही, पुन्हा चालू होईल न होईल. सेव्ह नको, प्रिंटही नको, दोन्हीला जुनी डिस्क लागते, लगेच अटकेल. "पढ़ के हाथ से उतार लो. बस."
दोघं बसलो, आळीपाळीने. ह्यांचं अक्षर फार सुंदर, मिलचे हजेरीपट लिहीत. मधे सात मिनिटं लाइट गेली तेव्हा यूपीएसच्या टूं-टूंनं जीव अर्धा झाला.
पान २६ मी लिहीन असं ठरवून ठेवलंय. ते टाइप केलं तेव्हाच मला माहीत होतं त्यात काय आहे. ह्यांना कधी सांगितलं नाही.

२३ मार्च, शनि.
स. दहा वाजता मी पोळ्यांना उठले तेव्हा हे पान २४ वर होते. परत आले तर लेखणी थांबलेली. पान २५ संपवून पुढे २६ वाचत गेले होते.
आईंनी मॅडमना सांगितलंय: "खात्यात इतका आवाज, की माझे कान तिथंच गेले. घरी कुणाला सांगितलं नाही. मुलगा ऑफिसात, हळू बोलतो. रोज संध्याकाळी जवळ बसून काय काय सांगतो. मला त्यातलं काही ऐकू येत नाही. मी हो म्हणते. त्याला बरं वाटतं."
हे पडद्याकडे बघत म्हणाले, "मिल बंद झाली ती गोष्ट मी सगळ्यात आधी तिलाच सांगितली होती. ती हो म्हणाली. मी समजलो, किती हिम्मत आहे."
मी खांद्यावर हात ठेवला. रद्दीचं कळल्यापासूनचा राग कुठे गेला कळलं नाही.
मग म्हणाले, "हे पण लिहायचं?"
नाही लिहिलं तर कुणाला कळणार? मूळ कागद नाही, फ्लॉपी नाही, आई नाहीत. मॅडमना एक ओळ कमी वाटली तरी त्या ताडून कशाशी बघणार? पाच ओळी गाळल्या की झालं.
तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस दहा मिनिटं टिकतो. सहा पानं अजून बाकी.
मी म्हटलं, "लिहा. त्याच ओळी आधी लिहा."
ह्यांनी चष्मा पुसला, लेखणी उचलली. आता मी हे शेजारी बसून लिहितेय, कारण हाताला दुसरं काही सुचत नाही. फाटकाशी मॅडमची लूना थांबली. यूपीएस वाजतोय. दार मलाच उघडावं लागेल.