पोवळ्याची पूड

२५ शाबान
अम्मानला पोचले आणि पहिल्याच दिवशी मनासारखं काम मिळालं! इस्पितळातलं हाडांचं भांडार आता माझ्या ताब्यात. बरण्यांत पांढरी पूड असते. लाल समुद्रातल्या पोवळ्याची, असं भांडारप्रमुख अबू शुक्री सांगतात. हाडात खिंडार पडलं की ती भरायची, तिच्या आधाराने माणसाचं स्वतःचं हाड वाढतं. मोसुलच्या स्फोटात माझी दाढ उखडली होती. तिथला खड्डाही डॉक्टरांनी लगेच त्याच पुडीने भरून दिला. अबू शुक्री म्हणाले, नव्या नोकरीची मिठाई समज. धाकटा भाऊ कुतैबा माझ्याच खोलीत राहणार, वॉर्डाला लागून. त्याचा पाय गेल्या हिवाळ्यात इथेच कापला. आमच्यात कापलेला अवयवही माणसासारखाच पुरायचा. अबू शुक्रींनी तो पांढऱ्या कापडात गुंडाळून कबरस्तानात रीतसर पुरला; आज तिथे जाऊन मी फातिहा, मृतांसाठीची प्रार्थना, पढले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

२८ शाबान
कुतैबाचा नसलेला पाय दुखतोय. कुणीतरी चावतंय म्हणतो, सकाळ, दुपार, संध्याकाळ. डॉक्टर म्हणाले, कापलेल्या नसांचे खेळ. कुतैबा म्हणाला, ताई, हा खेळ अगदी वेळेवर जेवतो बघ. घास तोंडात असतानाच मला हसू फुटलं.

२ रमजान
रोजे सुरू झाले. दिवसभर पाय गप्प. काल सूर्यास्ताला मगरिबची अजान झाली, सगळ्यांनी रोजा सोडला, आणि कुतैबा गुरासारखा ओरडला. आजही त्याच मिनिटाला. वॉर्डात हाजी मिझयाद म्हणून येमेनी म्हातारे आहेत. त्यांचा जबडा याच पुडीने भरलाय. ते खजूर चावत होते. ही पूड खरंच पोवळ्याची? आणि पाय खरंच पुरलाय?

४ रमजान
कबरस्तानात जाऊन स्वतःच्या हाताने उकरलं. कापडात प्लास्टरचे तुकडे. प्लास्टरचे! आणि मी त्यांच्यावर फातिहा पढले होते! अबू शुक्रीला गाठलं. मेला लाजलासुद्धा नाही. पोवळं दोन वर्षं आलेलंच नाही म्हणे. "पोरी, कुजका पाय मातीत घालून काय मिळणार होतं? त्याच्यावर लोक भाकरी चावतायत, पुण्यच आहे ते." पुण्य! तुझ्या बापाचा पाय होता का रे? पूड कुणाकुणात भरली, तेही लिहून ठेवत नाही. बरणी त्याच्या टाळक्यात घालणार होते. पण तिच्यात काय आहे ते आठवलं, आणि ती जपून खाली ठेवली.

५ रमजान
सगळं सांगितलं तसा कुतैबा पाया पडला माझ्या. हाजींना खाऊ नका म्हण ना, ताई. तडक हाजींकडे गेले आणि तोंडावर म्हटलं, तुम्ही माझ्या भावाला खाताय. म्हातारा गादीवरून उठून बसला. उद्यापासून नुसतं पातळ घेईन म्हणाला, माझीच माफी मागितली. त्याचा काय दोष? पण राग कुठे काढू —

६ रमजान
मगरिब. हाजींच्या शेजारी बसलेय. त्यांचं तोंड मिटलेलं. अजान झाली.
भिंतीपलीकडे कुतैबा शांत. शांत! हसतोय चक्क.
आता भूक कळतेय. हाजींनी स्वतःचा खजूर माझ्या हातावर ठेवला. चावला —
कुतैबा ओरड—
हाजींनी तर काही —
खजूर थुंकला. पण माझ्या दाढेचा तो खड्डा — मिठाई म्हणाला होता अबू शुक्री —